पोर्टचे माप सबवूफरच्या हालचालीवरून ठरते

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत अलीकडे गाडीसाठी सबवूफरचा, म्हणजे फक्त खर्जाचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, बॉक्स स्वतः कसा तयार करावा, याविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. त्यातील लाकूडकामाचा भाग मन लावून लिहिलेला होता. फळ्यांची जाडी, कोपऱ्यांचे जोड, आतून फटी बुजवण्याची रीत, सबवूफरसाठी गोल भोक कापताना घ्यायची काळजी, हे सारे तपशील ज्याने स्वतः करवत चालवली आहे त्यालाच सुचणारे होते. पोर्टविषयी, म्हणजे बॉक्सच्या आतल्या हवेला बाहेर ये-जा करू देणाऱ्या नळीविषयी, मात्र त्यात एकच विधान होते आणि त्याचा आशय असा होता की, बारा इंची सबवूफरला चार इंची पाइपचा एक फूट लांबीचा तुकडा पुरतो. हे विधान मी अनेक वर्षे जवळजवळ याच शब्दांत ऐकत आलो आहे. त्यावर विश्वास ठेवून मीही एकेकाळी बॉक्स तयार केले होते, आणि त्यातून झालेला मनस्ताप अजून विसरलेलो नाही. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

या विधानातली खरी अडचण अशी की ते अर्धे बरोबर आहे. समजा, बॉक्समध्ये हवेसाठी निव्वळ ५५ लिटर जागा आहे. चार इंची, म्हणजे सुमारे १० सेंटीमीटर आतील व्यासाचा आणि ३० सेंटीमीटर लांबीचा पाइप त्याला लावला, तर त्या बॉक्सचे ट्यूनिंग, म्हणजे पोर्टमधील हवा ज्या वारंवारतेला सर्वांत सहज हलते ती, ३४ हर्ट्झच्या (सेकंदाला ३४ कंपनांच्या) आसपास येते, आणि गाडीत रोज संगीत ऐकण्यासाठी ते योग्यच आहे. परंतु तीन इंची, म्हणजे साडेसात सेंटीमीटर व्यासाचा आणि अवघ्या साडेपंधरा सेंटीमीटर लांबीचा पाइप लावला, तरी त्याच बॉक्सचे ट्यूनिंग ३४ हर्ट्झच येते. १४ सेंटीमीटर व्यासाचा आणि ६४ सेंटीमीटर लांबीचा पाइप लावला, तरीही ते तेवढेच येते. कागदावर हे तिन्ही बॉक्स सारखेच दिसतात. प्रत्यक्षात आवाज वाढवल्यावर पहिल्यातून जोराचा वारा सुटल्यासारखी सरसर ऐकू येते, दुसऱ्यातून ती सरसर बासबरोबरच फसफसत बाहेर पडते आणि तिसऱ्यातून फक्त संगीत ऐकू येते. तेव्हा ‘ट्यूनिंग बरोबर आले’ एवढ्यावर पोर्ट बरोबर आहे असे समजता येत नाही. लेखात तर बॉक्स किती लिटरचा हेही सांगितलेले नव्हते, म्हणून त्या एक फुटाने नेमके कोणते ट्यूनिंग मिळेल हेही वाचकाला कळण्याचा मार्ग नव्हता.

पोर्ट काम कसे करतो, हे आधी थोडक्यात सांगतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की एकच ठरावीक सूर निघतो. बाटलीच्या मानेतील हवा वजनासारखी वागते आणि पोटातील हवा स्प्रिंगसारखी. वजन आणि स्प्रिंग यांची जोडी एका विशिष्ट वारंवारतेला सर्वांत सहज हलते. एकोणिसाव्या शतकात हेर्मान हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने या अनुनादाचा सखोल अभ्यास केला, म्हणून अशा पोकळीला आजही त्यांच्या नावाने ओळखतात. बेल लॅबोरेटरीजमधील अल्बर्ट थुरास यांनी हे तत्त्व लाउडस्पीकरच्या पेटीला लावले. त्यासाठी त्यांनी १९३० मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९३२ मध्ये त्यांना ते मिळाले. स्पीकरच्या शंकूच्या, म्हणजे पुढे-मागे हलून हवा ढकलणाऱ्या पडद्याच्या, मागच्या बाजूने जो आवाज एरवी पेटीत कोंडून वाया जातो, तो पोर्टमधून पुढच्या आवाजाला साथ देईल अशा रीतीने बाहेर काढायचा, ही त्यामागची कल्पना होती. पुढे ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या रचनेला पक्क्या गणिताचा पाया घालून दिला. आज प्रत्येक चांगल्या सबवूफरबरोबर जो आकड्यांचा तक्ता मिळतो, तो या दोघांच्याच नावाने ओळखला जातो.

आता या पत्रातील मुख्य मुद्दा. ट्यूनिंगच्या वारंवारतेला सबवूफरचा शंकू जवळजवळ थांबतो. हे ऐकायला विचित्र वाटते, पण बॉक्ससमोर बसून पाहिले तर डोळ्यांनी दिसते: सूर मोठ्याने वाजत असतो आणि शंकू मात्र जेमतेम थरथरत असतो. मग आवाज येतो कुठून? तो जवळपास सगळा पोर्टमधून येतो. म्हणजे त्या वारंवारतेला पोर्ट हाच स्पीकर असतो. बारा इंची सबवूफरच्या शंकूचे परिणामकारक क्षेत्रफळ साधारण ४८० चौरस सेंटीमीटर असते आणि साडेसात सेंटीमीटर व्यासाच्या पाइपचे अवघे ४४. शंकूने ज्या कामासाठी ४८० चौरस सेंटीमीटर वापरले असते, ते काम आपण ४४ चौरस सेंटीमीटरच्या तोंडावर सोपवतो. तेवढीच हवा अरुंद वाटेने ये-जा करायची, तर तिचा वेग वाढणार, आणि वेग एका मर्यादेपलीकडे गेला की नळीच्या कडांवर भोवरे उठून फसफस सुरू होणार. पोर्ट किती मोठा असावा, या प्रश्नाचे मूळ उत्तर म्हणूनच बॉक्सच्या आकारात नसून सबवूफर किती हवा ढकलतो यात आहे.

स्मॉल यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधमालेत यासाठी एक साधे सूत्र दिले आहे आणि ते कोणालाही हाताने सोडवता येते. शंकूच्या क्षेत्रफळाला त्याच्या एका बाजूच्या कमाल चालीने, म्हणजे तक्त्यातील एक्समॅक्सने, गुणले की शंकू किती घनफळाची हवा ढकलू शकतो ते मिळते. त्याला ट्यूनिंगच्या वारंवारतेने आणि ०.८ ने गुणले की पोर्टचे किमान क्षेत्रफळ मिळते. लांबी मीटरमध्ये, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आणि घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचे, एवढे पथ्य पाळावे लागते. वर उल्लेख केलेल्या सबवूफरचे क्षेत्रफळ ०.०४८ चौरस मीटर आणि चाल १२ मिलिमीटर धरली, तर ढकललेली हवा ०.०००५७६ घनमीटर होते. तिला ३४ ने आणि ०.८ ने गुणले की ०.०१५७ चौरस मीटर, म्हणजे १५७ चौरस सेंटीमीटर येतात. गोल पाइप घ्यायचा तर त्याचा आतील व्यास १४ सेंटीमीटर हवा. या हिशेबामागे पोर्टमधील हवेचा वेग ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ५ टक्के, म्हणजे सेकंदाला १७ मीटरच्या आसपास राखण्याचा विचार आहे. चार इंची पाइपचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटीमीटर, म्हणजे बरोबर निम्मे भरते. त्यात तोच वेग दुप्पट होऊ पाहतो. तीन इंची पाइपमध्ये तो साडेतीन पटींच्याही वर जाऊ पाहतो. सेकंदाला १७ मीटर म्हणजे ताशी ६१ किलोमीटर. त्याच्या दुपटीचा वारा एखाद्या नळीत सेकंदाला ३४ वेळा आत-बाहेर होत असेल, तर तो शांतपणे होईल अशी अपेक्षाच धरता येत नाही.

गाडीत इंजिनाचा आणि रस्त्याचा आवाज असतो, त्यामुळे १७ मीटरची मर्यादा थोडी सैल केली तरी चालते, असे अनेक जाणकार मानतात आणि मलाही ते मान्य आहे. ज्याचा ॲम्प्लिफायर लहान आहे, ज्याचा सबवूफर कधीच पूर्ण चालीपर्यंत जाणार नाही, त्यालाही लहान पोर्ट चालतो, कारण चाल निम्मी तर लागणारे क्षेत्रफळही निम्मे. परंतु ही सवलत समजून उमजून घेणे वेगळे आणि हिशेबच न मांडता बाजारात मिळेल तो पाइप बसवणे वेगळे.

माझ्या पहिल्या बॉक्सला मी तीन इंची पाइप लावला होता. हळू आवाजात तपासताना तो उत्तम वाजला, आणि लहान पोर्टचा खरा धोका यातच आहे: हवेचा वेग कमी असेपर्यंत तो मोठ्या पोर्टइतकेच चांगले काम करतो. आवाज वाढवला की मात्र खर्जाच्या प्रत्येक सुराबरोबर फुटक्या भात्यासारखा आवाज येऊ लागे. बॉक्सला कुठेतरी फट असावी असे वाटून मी तो दोनदा उघडून आतून पुन्हा बंद केला. नंतर सबवूफरच्या कडेचे रबर सुटले असावे, अशी शंका घेऊन सबवूफरच बदलला. नवा सबवूफरही तसाच वाजला. शेवटी एकदा पोर्टच्या तोंडाशी हात धरला आणि तळहातावर जो मारा जाणवला त्यावरून दोष कुठे आहे ते कळले. पुढची फळी बदलून मोठ्या क्षेत्रफळाचा चौकोनी पोर्ट केल्यावर फसफस तर गेलीच, पण त्याच ॲम्प्लिफायरवर बासही स्पष्टपणे वाढला. याचे कारण मला पुढे वाचनातून समजले. हवेचा प्रवाह खवळला की ऊर्जा भोवऱ्यांत खर्च होते, पोर्टचा विरोध वाढतो आणि मोठ्या आवाजात पोर्ट जणू अर्धवट बुजतो. मग ट्यूनिंगला जो शंकू थांबायला हवा, तोही थांबेनासा होतो. पोर्टमुळे सबवूफरला मिळणारे संरक्षण सर्वांत जास्त गरज असते त्याच वेळी सुटते.

क्षेत्रफळ ठरले की मग लांबी. लोक बहुधा उलट क्रमाने जातात. आधी डिकीत मावेल अशी लांबी ठरवतात आणि तिला जुळेल तेवढे तोंड ठेवतात. लांबीचा हिशेबही सोपा आहे. क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये घेऊन त्याला ३०,००० ने गुणावे आणि बॉक्सचे निव्वळ लिटर गुणिले ट्यूनिंगचा वर्ग, या गुणाकाराने भागावे. येणारा आकडा म्हणजे पोर्टची परिणामकारक लांबी सेंटीमीटरमध्ये. आपल्या उदाहरणात ३०,००० गुणिले १५७ भागिले (५५ गुणिले ११५६), म्हणजे ७४ सेंटीमीटर. नळीच्या दोन्ही टोकांबाहेरची थोडी हवाही नळीतील हवेबरोबर हलते, म्हणून यातून व्यासाच्या सुमारे ०.७३ पट, म्हणजे साधारण १० सेंटीमीटर वजा करायचे. हा आकडा पोर्टचे एक टोक फळीत बसलेले आणि दुसरे बॉक्सच्या आत मोकळे असते तेव्हाचा आहे. उरतात ते ६४ सेंटीमीटर.

येथे पुष्कळ जण थबकतात, कारण १५७ चौरस सेंटीमीटर तोंडाचा आणि ६४ सेंटीमीटर लांबीचा पोर्ट स्वतःच १० लिटर जागा खातो. सबवूफरचे चुंबक आणि सांगाडा, आतील आधाराच्या पट्ट्या यांचे आणखी चार-पाच लिटर धरले, तर ५५ लिटर निव्वळ हवेसाठी आतून सुमारे ७० लिटरचा बॉक्स करावा लागतो. ही वजाबाकी विसरणे ही दुसरी मोठी चूक. समजा, एखाद्याने आतून मोजून ५५ लिटरचा बॉक्स केला, त्यात हा पोर्ट आणि सबवूफर बसवला, तर हवेला ४१ लिटरच उरतात आणि ३४ हर्ट्झचे ट्यूनिंग ३९ हर्ट्झच्या पुढे सरकते. चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला वाजते, हे लक्षात घेतले तर या पाच हर्ट्झचे महत्त्व कळेल: ज्या सुरांच्या खाली सुरक्षित अंतर ठेवायचे होते, त्यांच्याच उंबरठ्यावर आपण येऊन पोहोचतो.

तिसरी चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे आणि ती चांगल्या हेतूने केली जाते. एक चार इंची पाइप कमी पडतो असे कोणीतरी सांगते, म्हणून बॉक्सला आणखी एक भोक पाडून अगदी तसाच, तेवढ्याच लांबीचा दुसरा पाइप बसवला जातो. क्षेत्रफळ दुप्पट झाले हे खरे, पण परिणामकारक लांबी तीच राहिल्याने ट्यूनिंग दोनाच्या वर्गमुळाने वाढते आणि ३४ चे ४८ हर्ट्झ होतात. मग बास एकाच सुरावर घुमू लागतो, त्याखालचे सूर नाहीसे होतात आणि शंकू बेफाम हलू लागतो. दोन पाइप लावायचे असतील तर प्रत्येक पाइप सुमारे ६७ सेंटीमीटर लांब हवा. १४ सेंटीमीटरच्या एका पाइपपेक्षा हे थोडे जास्तच झाले, कारण पाइप बारीक असल्याने टोकांची वजावट कमी होते.

बॉक्सच्या घनफळावरून पोर्ट ठरवण्याचा एक अडाखाही प्रचलित आहे: दर घनफुटामागे १२ ते १६ चौरस इंच, म्हणजे दर लिटरमागे साधारण २.७ ते ३.६ चौरस सेंटीमीटर. आपल्या ५५ लिटरच्या बॉक्सला त्याने १५० ते २०० चौरस सेंटीमीटर येतात आणि स्मॉल यांच्या सूत्राशी ते जुळते. म्हणून या अडाख्याला मी टाकाऊ म्हणणार नाही. बेताच्या सबवूफरसाठी आणि बेताच्या बॉक्ससाठी तो जवळपास बरोबर असतो. पण तो फसतो तोही इथेच. एखादा सबवूफर लहान बॉक्ससाठी बनवलेला असतो आणि त्याची चाल २० मिलिमीटरहूनही अधिक असते. त्याचा बॉक्स लहान म्हणून या अडाख्याने पोर्टही लहान येतो, आणि नेमक्या त्याच सबवूफरला मोठा पोर्ट हवा असतो. उलट कमी चालीच्या सबवूफरला मोठा बॉक्स दिला, तर हा अडाखा विनाकारण प्रचंड पोर्ट करायला लावतो. मोठा पोर्ट म्हणजे लांब पोर्ट, आणि लांब नळीला अर्ध्या तरंगलांबीचा स्वतःचाही एक सूर असतो. आपल्या ६४ सेंटीमीटरच्या नळीत तो अडीचशे हर्ट्झच्या आसपास येतो, सबवूफरच्या कामाच्या पट्ट्यापासून पुरेसा दूर असतो आणि क्रॉसओव्हर, म्हणजे सबवूफरकडे जाणाऱ्या सुरांची वरची सीमा, ८० हर्ट्झला असेल तर त्रास देत नाही. पण लांबी वाढत गेली की तो खाली सरकत येतो.

जागाच कमी असेल तर काय करावे? निव्वळ ३० लिटरच्या बॉक्सला १५७ चौरस सेंटीमीटरचा पोर्ट ३४ हर्ट्झला बसवायचा म्हटले, तर त्याची लांबी सव्वा मीटर येते आणि त्याची जागा २० लिटर होते. बॉक्सच्या दोन-तृतीयांश एवढी त्याची वाटच. अशा वेळी पोर्ट बारीक करून वेळ मारून नेण्यापेक्षा बॉक्स सीलबंद करावा किंवा पोर्टऐवजी पॅसिव्ह रेडिएटर, म्हणजे चुंबक आणि कॉइल नसलेला शंकू, बसवावा. त्यात नळीच नसल्याने फसफशीचा प्रश्नच उरत नाही. सीलबंद बॉक्सला कमी लेखण्याचेही कारण नाही. गाडीच्या बंद केबिनमध्ये, केबिनची सर्वांत जास्त लांबी अर्ध्या तरंगलांबीएवढी होते त्या वारंवारतेच्या खाली, आतील हवेचा दाब आपोआप वाढत जातो. ही लांबी २.७ मीटर धरली तर ती वारंवारता ६४ हर्ट्झच्या जवळ येते. सिद्धान्ताने हा लाभ एका सप्तकामागे १२ डेसिबलपर्यंत असू शकतो. काचा, पत्रे आणि फटी यांमुळे प्रत्यक्षात तो कमी मिळतो. सीलबंद बॉक्सचा आवाज एका सप्तकामागे १२ डेसिबलनेच उतरत असल्याने केबिन त्याची बरीच भरपाई करते.

पोर्टच्या बॉक्सचा उतार मात्र ट्यूनिंगखाली २४ डेसिबलचा असतो, आणि त्याहून गंभीर बाब अशी की ट्यूनिंगच्या खाली बॉक्समधील हवा शंकूला आवरत नाही. पोर्ट केवळ उघडे भोक बनतो आणि शंकू मोकळा सुटतो. ऐकू काहीच येत नसते, पण कॉइल मागे आपटत असते. म्हणून पोर्टच्या बॉक्सबरोबर ॲम्प्लिफायरमधला सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर अडवणारी सोय, ट्यूनिंगच्या काही हर्ट्झ खाली, आपल्या उदाहरणात २८ ते ३० हर्ट्झला, लावणे हा काही ऐच्छिक भाग नाही. लेखात याचा उल्लेखच नव्हता, याचे मला वाईट वाटले, कारण यात नुकसान होते ते वाचकाच्या सबवूफरचे.

पोर्टच्या आकाराविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. फळ्यांचा चौकोनी पोर्ट करणे सोयीचे असते, आणि मोठे क्षेत्रफळ हवे असेल तर मीही तोच करतो. पण तो फार चपटा करू नये. १५७ चौरस सेंटीमीटरच्या गोल तोंडाचा परीघ ४४ सेंटीमीटर असतो, तर ३० सेंटीमीटर लांब आणि सव्वापाच सेंटीमीटर उंच फटीचा परीघ ७० सेंटीमीटर. हवेला जेवढी भिंत जास्त घासते तेवढा विरोध जास्त, म्हणून चपटा पोर्ट करताना क्षेत्रफळ किमान आकड्यापेक्षा थोडे वाढवूनच घ्यावे. पोर्टची एक बाजू बॉक्सचीच भिंत असेल, तर ती भिंत आतल्या टोकापुढेही चालू राहते आणि पोर्ट मोजमापापेक्षा लांब असल्यासारखा वागतो. ट्यूनिंग अपेक्षेपेक्षा खाली येते. वळण असलेल्या पोर्टची लांबी मधल्या रेषेवरून मोजावी. आतले टोक आणि समोरची भिंत यांत किमान पोर्टच्या व्यासाएवढी, आणि फटीच्या बाबतीत किमान तिच्या उंचीएवढी, मोकळी जागा सोडावी. हाच नियम बाहेरच्या तोंडालाही लागू आहे, आणि गाडीत तो सर्रास मोडला जातो: उत्तम बॉक्स तयार करून त्याचे तोंड मागच्या सीटच्या पाठीला जवळजवळ टेकवले जाते किंवा डिकीतील सामान त्याच्यापुढे रचले जाते. दोन्ही टोकांच्या कडा गोलाई देऊन गुळगुळीत केल्या तर भोवरे उशिरा उठतात आणि तेवढ्याच क्षेत्रफळात अधिक वेग शांतपणे निभावतो. सॅंडपेपरच्या अर्ध्या तासाच्या कामातून याहून मोठा लाभ मला तरी माहीत नाही.

एवढा हिशेब मांडल्यावरही प्रत्यक्षातले ट्यूनिंग एखाद-दोन हर्ट्झने इकडे-तिकडे होतेच, आणि त्यात कमीपणा नाही. मोजून पाहिले म्हणजे झाले. मोबाइलमधून एकेका हर्ट्झचे शुद्ध सूर हळू आवाजात वाजवावेत, ५० पासून खाली यावे आणि शंकूवर बोट अलगद टेकवून तो कोणत्या सुराला सर्वांत कमी हलतो ते पाहावे; तेच ट्यूनिंग. अधिक नेमकेपणा हवा असेल तर सबवूफरच्या वायरीत दहा-पंधरा ओहमचा रोधक एकसर जोडून मल्टिमीटरने सबवूफरच्या दोन टोकांमधील एसी व्होल्टेज मोजावे. वारंवारता बदलत गेल्यावर व्होल्टेजची दोन शिखरे दिसतात. त्यांच्यामधल्या दरीचा तळ जिथे असतो, तिथे ट्यूनिंग असते. पाइप सुरुवातीला मुद्दाम थोडा लांब ठेवावा, कारण कापून कमी करता येतो, वाढवता येत नाही. आपल्या उदाहरणात सात सेंटीमीटर कापल्यावर ट्यूनिंग जेमतेम पावणेदोन हर्ट्झने वर जाते, त्यामुळे घाबरत घाबरत मिलिमीटर मोजण्याची गरज नाही. तीन इंची पाइपमध्ये एवढाच फरक दोन सेंटीमीटर कापल्यावर पडतो. फळ्यांचा पोर्ट असेल तर आतली फळी आधी नुसत्या स्क्रूंवर बसवावी आणि मोजमाप मनासारखे आल्यावरच गोंद लावावा.

वरील मुद्द्यांपैकी निदान क्षेत्रफळाचे सूत्र आणि सबसॉनिक फिल्टरची सूचना पुरवणीच्या पुढील अंकात दुरुस्ती म्हणून छापावी, अशी आपणांस विनंती आहे. लेख वाचून बॉक्स करायला घेतलेले वाचक अजून फळ्या कापण्याच्या टप्प्यावर असतील, तर त्यांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल.

दुसरी विनंती तयार बॉक्स बनवणाऱ्यांना आहे. अशा बॉक्सवर ‘बारा इंची’ एवढाच शब्द आणि कितीतरी वॉटचा एक आकडा असतो. वॉटवरून बॉक्सविषयी काहीच कळत नाही. त्यांनी बॉक्सच्या मागे एक चिठ्ठी लावून तीन आकडे छापावेत: पोर्ट वजा जाता निव्वळ लिटर, ट्यूनिंगचे हर्ट्झ आणि पोर्टचे क्षेत्रफळ. सबवूफर बनवणारी प्रत्येक चांगली कंपनी आपला तक्ता देते. बॉक्सवाल्यांनी हे तीन आकडे दिले तर ग्राहकाला दोन्ही कागद शेजारी ठेवून एका गुणाकारात जोडी जमते की नाही ते ठरवता येईल. तोवर तयार बॉक्स घेणाऱ्याने फूटपट्टी बरोबर न्यावी, पोर्टचे तोंड मोजावे आणि आपल्या सबवूफरच्या एक्समॅक्सवरून किमान क्षेत्रफळ काढून ताडून पाहावे. तोंड निम्म्याहून लहान निघाले तर तो बॉक्स त्या सबवूफरसाठी नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक